दारचा जर्दाळू



आपल्यापैकी बहुतेकांची जर्दाळूशी पहिली ओळख वाण्याच्या दुकानातल्या बरणीत होते. सुरकुतलेले, तपकिरी, सुपारीहून थोडेसे मोठे असे ते फळ गालात धरून बराच वेळ चघळायचे, गर संपला की बी बाहेर काढायची, आणि मग खरी गंमत सुरू व्हायची. बी उंबऱ्यावर ठेवून वरवंट्याचा बेताचा ठोका द्यायचा. ठोका कमी पडला तर बी उडून पलंगाखाली जाई. जास्त पडला तर आतल्या मगजाचा भुगा होई. नेमका बसला म्हणजे बदामाचे धाकटे भावंड शोभेल असा पांढरा मगज हाती येई. तो बहुधा गोड असे. पण एखादा मात्र असा कडूजहर निघे की, दोन पेले पाणी प्यायले तरी जिभेवरून जात नसे. फळ तर दोन्हींचे सारखेच गोड, कवचही सारखेच. फोडून चावल्याखेरीज आतले कळायला काही मार्ग नव्हता.

पोरवयात ही निव्वळ नशिबाची गोष्ट वाटे. पुढे कळले की, ज्यांच्या अंगणात ही झाडे उभी असतात त्यांच्या घरात हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या फार गंभीरपणे विचारला गेला आहे. आपण तर फोडून लगेच पाहत होतो. त्यांना बी पेरून पाच-सहा वर्षे वाट पाहावी लागे, आणि तेव्हा कुठे कळे की दारात गोडाचे झाड लावले की कडूचे.

काल आपल्यातल्याच एका गृहस्थांनी चिठ्ठी पाठवून विचारले की, जे झाड आपल्या सबंध जिल्ह्यात कोणाच्या परसात नाही त्यावर तासभर बोलण्याचे प्रयोजन काय? प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर एवढेच की, रायवळ आंबा आणि कलमी आंबा ह्यांतला फरक ज्यांना जन्मापासून ठाऊक आहे, त्यांना जर्दाळूचा इतिहास परका वाटायचा नाही. दारात कोणते झाड लावावे, ही निवड माणूस कसकशी शिकला, ती गोष्ट ह्या एका झाडात फार स्वच्छ दिसते.

प्रथम नावाची गोष्ट सांगतो. ‘जर्दाळू’ हा शब्द फार्सी. जर्द म्हणजे पिवळा. आपण ‘पिवळाजर्द’ म्हणतो त्यातला जर्द तो हाच. आणि आलू म्हणजे बटाटा नव्हे, तर ज्याला आज बाजारात प्लम म्हणतात त्या जातीचे फळ. पिवळे आलू तो जर्दाळू, बुखाऱ्याचे आलू तो आलुबुखार, आणि शफ्तालूचा मराठी तोंडी झालेला सप्ताळू म्हणजे आजचा पीच. तिन्ही फळे एका कुळातली, आणि तिन्हींची नावे त्याच वाटेने आपल्याकडे आलेली.

युरोपातल्या नावाची कथा अधिक मौजेची आहे. प्लिनी हा रोमन ग्रंथकार इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. त्याने आपल्या निसर्गविषयक महाग्रंथात लवकर पिकणाऱ्या एका नव्या फळाचा उल्लेख केला आहे. ते गेल्या तीस वर्षांत आले आणि प्रथम एकेक फळ एकेका दिनाराला विकले गेले, असे तो सांगतो. ‘लवकर पिकणारे’ ह्या अर्थाचा प्रीकॉक्स हा लॅटिन शब्द ग्रीकांनी आपल्या पद्धतीने वळवला. ग्रीकांकडून तो अरबांकडे गेला आणि ‘अल्‌’ हा उपपद घेऊन अल्‌-बर्कूक झाला. अरबांबरोबर तो स्पेनमध्ये उतरला, तिथे अल्बारिकोके झाला, आणि अखेर इंग्रजांच्या तोंडी ॲप्रिकॉट होऊन बसला. रोममधून निघालेला शब्द भूमध्य समुद्राला वळसा घालून पुन्हा युरोपात आला तो असा की, त्याच्या जन्मदात्यांनी त्याला ओळखू नये. ह्या फळाला रोमनांनी आर्मेनियाचे सफरचंदही म्हटले, म्हणून १७५३ साली लिनीअसने शास्त्रीय नाव ठेवताना आर्मेनियाका हा शब्द त्याला कायमचा चिकटवला. पोर्तुगीज त्याला दमास्को म्हणतात, म्हणजे दमास्कसचे. ज्याने ज्या बाजारात ते पहिल्याने पाहिले, त्याने त्या बाजाराचे नाव दिले, एवढाच ह्याचा अर्थ. आर्मेनियाचे लोक मात्र ह्या झाडावर आपला हक्क सांगायला चुकत नाहीत. त्यांचे दुदुक नावाचे सुषिर वाद्य जर्दाळूच्याच लाकडाचे करतात, आणि ते ऐकल्यावर त्यांच्याशी वाद घालावासा वाटत नाही.

‘लवकर’ हा शब्द मात्र आपण ध्यानात ठेवू. ह्या झाडाचे भाग्य त्यात आहे, आणि त्याचे दुर्दैवही त्यातच.

झाडाचे खरे माहेर आणखी पूर्वेला. मध्य आशियातल्या तिएनशान पर्वताच्या उतारांवर जर्दाळूची रानेच्या राने आहेत. पिकांच्या जन्मभूमी शोधत जगभर हिंडलेला रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव्ह ह्याने मध्य आशियाला जर्दाळूच्या मूलस्थानांत मान दिला होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासावरून असे दिसते की, चीनमधला जर्दाळू आणि युरोपातला जर्दाळू हे माणसाने दोन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांची खबर नसताना, आपलेसे केले. एकच रानझाड दोन घरी दत्तक गेले, असे म्हणायला हरकत नाही.

चीनमध्ये त्याला मोठा मान. कन्फ्यूशियस जर्दाळूच्या झाडांमध्ये ओट्यावर बसून शिष्यांना शिकवी असा उल्लेख च्वांगत्झू ह्या जुन्या ग्रंथात आहे, आणि कन्फ्यूशियसच्या गावी त्याच्या मंदिरात तो ‘जर्दाळूचा ओटा’ आजही दाखवतात. त्याहून मला आवडते ती तुंग फंग ह्या वैद्याची दंतकथा. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला हा वैद्य लूशान पर्वतावर राही. तो कोणाकडून पैसा घेत नसे. जबर दुखण्यातून उठलेल्याने जर्दाळूची पाच झाडे लावायची, किरकोळ दुखणे असेल त्याने एक, एवढीच त्याची फी. काही वर्षांत डोंगरावर जर्दाळूचे वन उभे राहिले. फळांच्या बदल्यात तो धान्य घेई आणि ते गोरगरिबांना वाटी. आजही चिनी भाषेत वैद्यकीच्या व्यवसायाला ‘जर्दाळूचे वन’ म्हणतात. जर्दाळूचा मगज चिनी वैद्यकात खोकल्या-दम्यावर देतात, तेव्हा वैद्याने हेच झाड मागावे ह्यात व्यावहारिक शहाणपणही असले पाहिजे.

पण ह्या सुंदर कथेत बागाइतदाराला एक शंका येईल. बऱ्या झालेल्या रोग्यांनी लावलेली ती झाडे बियांची असली, तर त्यांतली किती चांगल्या फळाची निघाली असतील? आंब्याची कोय पेरली म्हणजे हापूसच येईल असे कोकणातला कोणी सांगत नाही. जर्दाळूचे तसेच. बीपासून आलेले झाड आईबापांवर जाईलच असा नेम नाही: फळ लहान निघेल, आंबट निघेल, मगज कडू निघेल, आणि हजारात एखादे असे निघेल की आईपेक्षा सरस. बियांच्या वनात विविधता अपार असते, पण खात्री कशाचीच नसते. खात्री हवी असेल तर आवडलेल्या झाडाची काडी किंवा डोळा घेऊन दुसऱ्या खुंटावर बांधला पाहिजे. त्या दिवशी ‘झाड’ संपते आणि ‘जात’ सुरू होते.

मध्य आशियात ह्या जाती केव्हाच नावारूपाला आल्या होत्या. बाबर १४९४ साली अकरा-बारा वर्षांचा असताना फरगाण्याच्या गादीवर बसला. पुढे ते राज्य गेले; समरकंद हाती येऊन गेले; अखेर तो हिंदुस्थानात आला. पण आत्मचरित्र लिहिताना मर्गिलान गावाचा विषय निघताच त्याला आठवतात तिथली डाळिंबे आणि जर्दाळू. तिथल्या एका उत्तम जातीच्या जर्दाळूची बी काढून, आतला मगज पुन्हा फळात भरून ते वाळवतात. त्याला सुभानी म्हणतात आणि ते फार रुचकर लागते, अशी नोंद तो करून ठेवतो. ज्याचा मगज परत भरण्याच्या लायकीचा आहे, ती जात गोड बीचीच असणार हे उघड आहे. लढाया आणि पळापळ ह्यांनी भरलेल्या ग्रंथात ही पाककृती वाचताना माणूस एकदम जवळचा वाटू लागतो.

त्याच्या पणतवाला, जहांगीराला, फळांचे आणि झाडांचे वेड त्याहून अधिक. १६२० च्या काश्मीरभेटीच्या वर्णनात तो लिहितो की, अकबराने काश्मीर जिंकण्यापूर्वी तिथे चेरी नव्हती. मुहम्मद कुली अफशार ह्याने ती काबूलहून आणून लावली. कलमी जर्दाळूची झाडेही पूर्वी तिथे मोजकीच होती. ह्याच गृहस्थाने कलम करण्याची विद्या त्या मुलखात पसरवली आणि आता ती पुष्कळ झाली आहेत. बादशहाने आपल्या रोजनिशीत एका बागवानी जाणणाऱ्या अधिकाऱ्याला नावानिशी श्रेय द्यावे, ह्याचे मला फार अप्रूप वाटते. साधारण त्याच शतकाच्या मागेपुढे इकडे गोव्यात पोर्तुगिजांच्या आश्रयाने आंब्याची कलमे होऊ लागली होती. तिकडे जर्दाळू, इकडे हापूस, विद्या एकच.

आता मी आपल्याला लडाखात नेणार आहे, आणि तिथे थोडा अधिक वेळ थांबणार आहे. आपण इथे वैशाखाच्या उकाड्यात बसून व्याख्याने ऐकतो, त्याच्या थोडे आधी, एप्रिलमध्ये, सिंधू, श्योक आणि सुरू ह्या नद्यांच्या खोऱ्यांतली खेडी पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जातात. लेहला वर्षाचा पाऊस सारा मिळून चार इंचांच्या आसपास. आजूबाजूला उघडे, तपकिरी डोंगर. आणि बर्फ वितळून आलेले पाणी पाटाने जिथवर पोहोचते तिथवरच हिरवे गाव. पाटाच्या कडेला, घराच्या भिंतीला टेकून, जवाच्या शेताच्या बांधावर जर्दाळू. बाग अशी वेगळी नसतेच. घराभोवतीची पाच-दहा झाडे हीच बाग. शाम भागातली गावे, दाह-हानू, कारगिल, आणि १९७१ च्या युद्धात भारताच्या ताब्यात आलेले तुर्तुक, ह्या सगळ्यांची ओळखच जर्दाळूवर आहे.

तिथे ह्या फळाला चुली म्हणतात. आणि तिथल्या लोकांनी जातींची वर्गवारी कशी केली आहे पाहा. फळ मोठे की लहान, रंग पिवळा की लाल, ह्यावरून पहिली विभागणी नाही. पहिला प्रश्न मगजाचा. कडू मगजाचे ते सारे खंटे, गोड मगजाचे ते ञारमो. मग गोडातले पोटभेद बीच्या कवचाच्या रंगावरून: पांढऱ्या कवचाचे ते रक्त्से कार्पो, गडद कवचाचे ते रक्त्से नाकपो. कार्पो म्हणजे पांढरा, नाकपो म्हणजे काळा. आपण उंबऱ्यावर ठोके देऊन ज्याचा शोध घेत होतो, त्यावरच त्यांचे सबंध फलशास्त्र उभे आहे!

ह्याचे कारण सरळ आहे. ज्या घरात सहा महिने बर्फ आहे तिथे जर्दाळू हे चैनीचे फळ नव्हे. गर धाब्यावर वाळवून हिवाळ्यासाठी ठेवायचा. कवच चुलीत जाळायचे. गोड मगज खायचा. कडू मगजाचे तेल काढायचे. ते तेल दिव्याला, केसांना, अंगाला चालते. खंटे म्हणून कडूचे झाड कोणी तोडून टाकत नाही, कारण तेल त्याचे, आणि खुंटही त्याचाच. बीचे खंटे झाड काटक असते. त्यावर हलमन किंवा रक्त्से कार्पो ह्यांची काडी बांधतात. हलमन फळाने मोठा आणि वाळवायला उत्तम, म्हणून व्यापारात त्याची चलती. रक्त्से कार्पो ताजा खाण्यासाठी अप्रतिम गोड, पण नाजूक. झाडावरून काढला की त्याला दूरचा प्रवास सोसत नाही. त्यातून फळे पोखरणाऱ्या कॉडलिंग मॉथ ह्या किडीच्या भीतीने लडाखची ताजी फळे बाहेर नेण्यावर दीर्घकाळ बंदी होती. म्हणून उरलेल्या देशाला लडाखचा जर्दाळू ठाऊक झाला तो सुकलेलाच. २०२१ साली तिथले ताजे फळ विमानाने दुबईला गेले, आणि २०२२ साली रक्त्से कार्पोला भौगोलिक मानांकनाची नोंद मिळाली. कोण्या एका घरच्या अंगणात आपोआप उगवलेले पांढऱ्या बीचे झाड, कोण्या शेजाऱ्याने मागून नेलेली त्याची काडी, आणि आता त्याला सरकारी शिक्क्याचे नाव. मधल्या पिढ्यांतल्या त्या शेजाऱ्यांची नावे कोणत्याच कागदावर नाहीत.

कडू मगजाविषयी इथेच एक स्पष्ट बोलणे प्राप्त आहे. लडाखच्या पश्चिमेला, आज पाकिस्तानच्या ताब्यात असलेल्या भागात, हुंझा खोरे आहे. तिथले लोक शंभर-सव्वाशे वर्षे जगतात आणि ती किमया जर्दाळूच्या मगजाची, अशी कथा विसाव्या शतकात पाश्चात्त्य पुस्तकांनी पिकवली. जन्मनोंदीच नव्हत्या, तेव्हा वये मोजली कोणी, हे विचारण्याच्या भानगडीत कोणी पडले नाही. कडू मगजात अमिग्डालिन नावाचे द्रव्य असते आणि पोटात गेल्यावर त्यातून सायनाइड सुटते. ह्याच द्रव्यावरून बेतलेले लेट्राइल नावाचे औषध, त्याला ‘व्हिटॅमिन बी-१७’ असे खोटेच नाव देऊन, कर्करोगावर विकले गेले. १९८२ मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या पुढाकाराने १७८ रोग्यांवर केलेल्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: गुण काही नाही, आणि काही रोग्यांच्या रक्तात सायनाइड धोक्याच्या पातळीजवळ. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की, तीनाहून अधिक लहान कच्चे मगज एका वेळी खाल्ले तरी प्रौढ माणसाची सुरक्षित मर्यादा ओलांडू शकते. लहान मुलाला तर एकही जास्त. तेव्हा सभेतल्या आयाबहिणींना माझे सांगणे आहे की, मूल बी फोडत असेल तर फोडू द्या, पण कडू लागले की थुंकून टाकायचे, हे त्याला आधी शिकवा. काढलेल्या तेलात हे द्रव्य फारसे उतरत नाही, ते पेंडीत राहते. लडाखच्या माणसांनी कडू मगज खाण्यासाठी नव्हे तर तेलासाठी ठेवला, त्यात किती अनुभव साठलेला आहे हे ह्यावरून दिसते.

आता त्या ‘लवकर’ शब्दाकडे येऊ. जर्दाळूला थंडी हवी असते. हिवाळ्यात पाने गाळून झाड झोपते आणि सात अंशांखालची थंडी अमुक तास मिळाल्याखेरीज नीट जागे होत नाही. जातीप्रमाणे हे तास साधारण तीनशेपासून हजारापर्यंत असतात. पण एकदा झोप पुरी झाली की ह्या झाडाला धीर नाही. जरा ऊब लागली की पाने फुटण्याआधीच सारे अंग फुलांनी भरते. आणि मग परतलेला एखादा कडाका त्याचा घात करतो. उमललेले फूल उणे दोन-तीन अंशांना दगावू लागते. तुर्कस्तानातला मलात्या प्रांत जगातला बहुतेक सुका जर्दाळू पुरवतो. तिथे २०१४ च्या मार्चअखेर एका कडाक्यात बहुतेक पीक गेले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच झाले. एका रात्रीत सालभराचे उत्पन्न जाते आणि सकाळी झाड मात्र धडधाकट उभे असते.

म्हणून दारात जर्दाळू लावणाऱ्याचा पहिला प्रश्न चवीचा नसून तारखेचा असतो. आपल्या गावी शेवटचा कडाका केव्हा पडतो, आणि ही जात केव्हा फुलते? थंड मुलखात उशिरा फुलणारी जात घ्यायची. सौम्य हिवाळ्याच्या मुलखात कमी थंडीवर भागणारी. जागाही विचारपूर्वक निवडायची. थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहत जाऊन खळग्यात साचते, म्हणून खळग्यात झाड लावू नये. उताराच्या मधल्या भागात लावावे. मुळाशी पाणी साचलेले त्याला मुळीच खपत नाही.

आपल्याकडे अडचण नेमकी उलटी. महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठते आणि वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे येतात; पण जर्दाळूची झोप असल्या एक-दोन पहाटांनी पुरी होत नाही. मी स्वतः एकदा बिया ओल्या वाळूत घालून दोन महिने शीतकपाटात ठेवल्या होत्या, आणि त्यांतली एक रुजलीही. कुंडीत चार वर्षे वाढली, पाने तांबूस, तुकतुकीत, पाहणाऱ्याला कौतुक वाटावे अशी. पण फूल म्हणून धरले नाही. तेव्हा कोणी आपल्याला इथल्या हवेत हमखास फळणारे जर्दाळूचे कलम म्हणून काही विकू लागला, तर पैसे खिशात टाकण्यापूर्वी त्याच्याकडे फळलेले झाड दाखवा म्हणावे.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे, तर इंग्लंडातली एक गोष्ट सांगतो. त्या ढगाळ देशात जर्दाळू मोकळ्यावर फारसा पिकत नाही. म्हणून लोकांनी युक्ती केली: दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला झाड पंख्यासारखे पसरून बांधायचे. दिवसा भिंत तापते आणि रात्री ती ऊब झाडाला मिळते. नॉर्थॅम्प्टनशायरमधले आइनो हे खेडे तर घराघराच्या भिंतीवरच्या जर्दाळूंसाठीच प्रसिद्ध आहे. आता ज्याला जागा भिंतीएवढीच, त्याला झाडही एकच. मग ते कोणते लावायचे ह्याला केवढे महत्त्व! अठराव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे मूरपार्क ही जात गाजली. दर्यासारंग लॉर्ड ॲन्सन ह्याच्या मूर पार्क ह्या वाड्यावरून तिचे नाव पडले. जेन ऑस्टिन ह्या लेखिकेच्या १८१४ सालच्या ‘मॅन्सफिल्ड पार्क’ कादंबरीत ह्या जातीवरून जेवणाच्या टेबलावर चांगलीच चकमक उडते. धर्मोपदेशकाच्या घरच्या तबेल्याच्या भिंतीवर पूर्वीच्या बाईंनी झाड लावलेले. ते अस्सल मूरपार्क म्हणून सात शिलिंगांना घेतले होते, पावती आपण पाहिली आहे, असे बाईंचे म्हणणे. आता तिथे राहायला आलेल्या धर्मोपदेशकाचे म्हणणे की बाई, तुम्ही फसलात. ह्या ताटातल्या बटाट्यांना मूरपार्कची जितकी चव आहे, तितकीच त्या झाडाच्या फळांना. दोनशे वर्षे झाली, पण रोपवाटिकेतून कलम आणलेला कोणता गृहस्थ ह्या संवादात आपल्याला पाहणार नाही? चिठ्ठीवर नाव एक, आणि चार वर्षांनी फळ भलतेच.

राहता राहिल्या काही व्यवहाराच्या गोष्टी. त्या हिमाचल किंवा कुमाऊंकडे ज्यांचे घरदार आहे अशांच्या कामाच्या. तिथल्या मध्यम उंचीच्या डोंगरांत न्यू कॅसल ही जात मे महिन्यात, बाजारात दुसरे फारसे फळ नसताना पिकते, म्हणून लोकप्रिय. रानीखेतजवळच्या चौबटियाची सरकारी बाग १८६९ पासूनची. तिथे संकरातून चौबटिया अलंकार आणि चौबटिया मधू ह्यांसारख्या जाती निघाल्या. खुंट बहुधा रानटी जर्दाळूच्या बीचाच घेतात. युरोपातल्या बऱ्याच जाती स्वतःच्या परागावर फळतात, पण मध्य आशियातल्या पुष्कळ जातींना, आणि गोल्डरिचसारख्या काही नव्या अमेरिकी जातींना, दुसऱ्या जातीचा शेजार लागतो. एकटे झाड फुलेल भरपूर आणि फळणार नाही. खेड्यात शेजाऱ्याचे झाड ते काम फुकट करते, नव्या वसाहतीत मात्र दोन झाडे लावावी लागतात. आणि काडी घ्यायची ती निरोगी झाडाचीच. बल्गेरियात १९१७ च्या सुमारास दिसलेला शार्का नावाचा विषाणुरोग मावा किडीबरोबर पसरतो खरा, पण देशोदेशी तो पोहोचला तो माणसाने हौसेने नेलेल्या कलमांतून.

आपल्या मुलखाशी ह्या फळाचा खरा संबंध झाडाचा नाही, ताटाचा आहे. मुंबईच्या पारशी घरांत जर्दाळू घालून मांस शिजवतात आणि वर बटाट्याच्या सळ्या पसरतात. आणि मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि मग हैदराबाद राज्याचा भाग असल्याने तिकडच्या मंडळींना ‘खुबानी का मीठा’ नवा नाही. लग्नाच्या जेवणात तो शेवटी येतो. सुके जर्दाळू रात्रभर भिजत घालायचे, सकाळी बिया काढून गर साखरेबरोबर मंद आचेवर आटवायचा. इकडे घरातली मुले अंगणात बिया फोडायला बसतात; एकेक मगज चाखून पाहतात, कडू लागेल तो टाकतात, गोड निघतील ते सोलून वाटीत जमवतात. मीठा वाडग्यांत ओतला, वर सायीचा थर दिला, की ते मगज पुन्हा त्यावर पेरायचे.